भाऊजींचे दात आणि त्यांचा पहिला अल्बम

माझ्या भाऊजींना मी निवांत बसलेलं फारसं पाहिलेलं नाही. ताईचं लग्न होऊन एकतीस वर्षं झाली, पण जेवणाच्या टेबलावरून हे गृहस्थ आजही दोनदा तरी उठतात. चहाचा कप घेऊन खिडकीशी जातात, कप तिथे ठेवतात, आणि मग घरभर तोच कप शोधत हिंडतात. सॅक्सोफोनचा सरावही येरझाऱ्या घालतच चालतो. वाजवण्याआधी रीड, म्हणजे त्या वाद्याच्या तोंडाशी बसवायची वेताची पातळ पट्टी, जिभेवर ठेवून ओली करावी लागते. बाकीचे वाजवणारे ती दोन-तीन मिनिटं ठेवतात. भाऊजी अर्धा अर्धा तास तोंडात धरून फिरतात आणि कोणी काही विचारलं तर नुसतं 'हं' करतात. ताई म्हणते, "ह्यांच्याशी भांडायचं तर रीड तोंडात असताना भांडावं. निदान माझं वाक्य तरी पुरं होतं."

पोटापाण्यासाठी ते वाद्यं दुरुस्त करतात. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं टेबल आहे. त्यावर कुणाची तरी क्लॅरिनेट उघडी पडलेली असते, स्क्रू बाटलीच्या झाकणांत वेगवेगळे ठेवलेले असतात, आणि वाद्याची भोकं बंद करणारी चामड्याची गोल पॅडं जिकडेतिकडे असतात. एकदा एक माझ्या आमटीच्या वाटीतही निघालं. सॅक्सोफोनच्या नळीत बारीकसा दिवा सोडून कुठल्या झाकणाखालून उजेड झिरपतोय ते ते बघतात. जिथून उजेड झिरपतो तिथूनच हवा गळते. दुसऱ्याच्या वाद्यातली गळती त्यांना पाच मिनिटांत सापडते. स्वतःची मात्र इतकी वर्षं सापडली नाही, आणि हे सगळं त्याबद्दलच आहे.

संध्याकाळी ते जॅझ बँडमध्ये वाजवतात. मीही वाजवतो. माझ्याकडे बास आहे, ते माणसाएवढं उंच, जाड तारांचं वाद्य, जे वाजलं नाही तरच लोकांच्या लक्षात येतं. दिवसा मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या बँडमध्ये भाऊजींना कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे 'दुसरे' म्हणतात. कारण बत्तीस वर्षं ते दुसऱ्या सॅक्सोफोनच्या जागेवर बसले. पहिला बदलला, मग त्याच्यानंतरचा बदलला, मग त्याच्याही नंतरचा; दुसरे जागच्या जागी. दुसऱ्याचं काम असं की पहिला वाजवेल त्याच्या खालून आधार द्यायचा, आणि पहिल्याची वेळ आली की माइकपासून अर्धं पाऊल मागे व्हायचं. भाऊजी ते इतकं सफाईने करायचे की ते मागे झाले हेही कळायचं नाही. किती जणांच्या अल्बममध्ये ते असे खालून वाजलेत, मोजदाद नाही. एकदा तर अल्बमच्या वेष्टणामागच्या मजकुरात त्यांचं नावच टाकायचं राहिलं. मी तणतणलो. ते म्हणाले, "आवाज आहे ना? मग झालं."

मला त्यांचा हा समजूतदारपणा नेहमीच डोक्यात जायचा. माणसाला थोडी तरी हाव असावी.

मग दातांचं निघालं.

भाऊजी पाव चहात बुडवून खायला लागले तेव्हा ताईला शंका आली. सफरचंद ते चिरून, लहान फोडी करून, गालाच्या बाजूने चावायला लागले तेव्हा तिची खात्री पटली. तिने त्यांना दिव्याखाली उभं केलं, तोंड उघडायला लावलं आणि वरचा पुढचा दात बोटाने हलवून पाहिला. तो हलला. शेजारचाही हलला. दुसऱ्या दिवशी ती त्यांना दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सॅक्सोफोन वाजवताना माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर, वरचे पुढचे दोन दात टेकवावे लागतात. सगळा आवाज त्या दोन दातांवर तोललेला असतो. भाऊजींच्या माउथपीसवर त्या दोन दातांनी इतक्या वर्षांत दोन खळगे पाडलेत, बोट फिरवलं तर लागतात. ते दात गेले की नवे बसवता येतात, पण नव्या दातांनी पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. वर्ष जातं. काहींचा आवाज परत येतो, काहींचा येतच नाही. भाऊजींचं वय तेव्हा अठ्ठावन्न.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही काढावे लागतील." भाऊजी म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यातही ते तेच म्हणाले. तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकलली तेव्हा बाईंनी चष्मा काढला. "हे बघा, आता हाडापर्यंत गेलंय. येत्या सोमवारी आला नाहीत तर बाजूचे दोनही जातील. मला काय, मी सगळेच काढून देईन."

त्या दिवशी भाऊजी तिथून घरी आले नाहीत. चालत चालत थेट ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत गेले. तिथल्या ध्वनिमुद्रकाशी त्यांची वीस वर्षांची ओळख. त्याला म्हणाले, "मला तुझे शुक्रवार, शनिवार, रविवार हवेत."

त्याने वही काढली. "देतो की. अल्बम कोणाचा?"

"माझा."

"हो, पण नाव कोणाचं टाकू?"

"अरे माझं! माझं नाव टाक!" भाऊजी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या खोलीत चाललेलं गाणं थांबलं. हे मला त्या ध्वनिमुद्रकानेच नंतर सांगितलं. आधी माझा विश्वास बसेना.

भाऊजींकडे सहा धुना होत्या. वर्षानुवर्षं दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहून ठेवलेल्या. एका बाजूला 'वरची किल्ली अडकते', दुसऱ्या बाजूला धून. त्यांनी चार जणांचा बँड जमवला. बासवर मी. पियानोवर शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई, ज्यांच्यासमोर आम्ही सगळे अजूनही पाठ ताठ करून बसतो. ड्रमवर 'धडधड', जो दिवसा बेकरीत कणकेचे गोळे आपटतो आणि संध्याकाळी ड्रम आपटतो. तालमींना वेळ नव्हताच. सोमवार डोक्यावर होता. भाऊजी आठवडाभर असे फिरत होते की खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन विचारून गेले, "सगळं ठीक आहे ना? आजारीबिजारी नाही ना कोणी?"

शुक्रवार सुरळीत गेला. शनिवार त्याहून सुरळीत. दुपारी चारपर्यंत सहाही धुना झाल्या. आमच्यात एक पद्धत आहे. एक जण एकट्याने वाजवून झाला की ज्याला पुढे द्यायचं त्याच्याकडे मान वळवतो, आणि ज्याच्याकडे मान वळली त्याने घ्यायचंच. अडचण असो, सुचत नसो, घ्यायचं. नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचा हात भर रस्त्यात झिडकारण्यासारखं. माझ्या आठवणीत तरी कोणी नाही म्हटलेलं नाही. त्या दोन दिवसांत भाऊजींची मान सारखी वळत होती. स्वतः थोडंसं वाजवायचं आणि बाईंकडे द्यायचं. बाईंचं झालं की माझ्याकडे. माझं झालं की धडधडकडे. मी तर चौथ्या धुनेत एवढं लांबलचक वाजवलं की घाम पुसायला रुमाल पुरला नाही. खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. बासवाल्याला एरवी विचारतो कोण?

संध्याकाळी कच्चं ध्वनिमुद्रण घेऊन आम्ही घरी आलो. ताई स्वयंपाकघरात अंडी उकडत होती. सगळं ऐकलं. माझा लांबलचक तुकडा आला तेव्हा मी छताकडे बघत बसलो, जणू कौतुकाची मला काही पडलेली नाही. सहावी धून संपली. ताईने गॅस बंद केला.

"छान झालंय," ती म्हणाली. "पण अहो, तुम्ही कुठे आहात ह्यात?"

"म्हणजे?"

"म्हणजे सुरुवात तुमची, शेवट तुमचा, मधे बाकीचे सगळे. तुमचं एकट्याचं सगळं जोडलं, तरी तेवढ्या वेळात एक अंडं धड उकडायचं नाही."

भाऊजी उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. "बँडच्या म्होरक्याने दुसऱ्यांना द्यायचं असतं."

"द्या की. पण घरातलं सगळंच वाटून टाकलं, तर तो दानशूरपणा नाही, बेजबाबदारपणा आहे."

"तुला जॅझमधलं काय कळतं?"

"जॅझमधलं नाही कळत. तुम्ही कळता."

मला ताईचाच राग आला. दोन दिवस राबून माणूस घरी आलाय, आणि हिचं काय मधेच! मी तिला तसं फटकन म्हणालोही. ती माझ्याकडे वळली. "तू गप्प बस. तुझं तेवढं लांब आहे म्हणून तुला गोड लागतंय." मला ते झोंबलं. कारण खरं होतं. मी दोन दिवस त्यांच्या शेजारी उभा राहून त्यांचं ताट रिकामं करत होतो, आणि माझ्या मनातही आलं नव्हतं.

शिवाय आणखी एक गोष्ट मला तेव्हा आठवली. ध्वनिमुद्रकाने माइकसमोर जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारून दिली होती, भाऊजींनी तिथे उभं राहायचं म्हणून. दोन दिवसांत त्याने दहा वेळा काचेपलीकडून सांगितलं असेल, "फुलीवर या." भाऊजी यायचे. आणि वाजवायला लागले की अर्धं पाऊल मागे. त्यांच्या पायांना माहीतच नव्हतं दुसरं काही.

रविवारी सकाळी मी पियानोच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मलाही रात्रभर चैन नव्हतं. आज त्यांनी मान वळवली तर मी घेणार नाही." मी बेकरीत जाऊन धडधडला गाठलं. तो पिठाने माखलेला, ऐकूनच घाबरला. "मान वळली आणि घेतलं नाही? 'दुसरे' मला उभा चिरतील!"

"चिरू देत," मी म्हणालो. "उद्या त्यांचे दात जाणारेत. नंतर चावू तरी नाही शकणार."

हा विनोद केल्याचं मला लगेच वाईट वाटलं. धडधडलाही हसू आलं नाही.

ताई त्या दिवशी आमच्याबरोबर स्टुडिओत आली. थर्मास घेऊन काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाशेजारी बसली. भाऊजींनी शेवटची संथ धून पुन्हा घ्यायचं ठरवलं, 'थोडी नीट करू' म्हणून. सुरू झालं. त्यांनी आपला लहानसा तुकडा वाजवला आणि बाईंकडे मान वळवली.

बाईंनी खाली पियानोच्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि नुसती साथ करत राहिल्या.

भाऊजींना वाटलं, बाईंचं लक्ष नाही. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मी माझ्या चार तारांकडे असा बघत राहिलो जणू त्या मी पहिल्यांदाच पाहतोय. त्यांनी धडधडकडे पाहिलं. धडधडने तर डोळेच मिटून घेतले, देवापुढे बसल्यासारखे. साथ चालू होती आणि मधोमध कोणीच बोलत नव्हतं.  इतकी वाईट शांतता मी अडकलेल्या लिफ्टमध्येही ऐकलेली नाही.

भाऊजींनी माउथपीस तोंडातून काढलं. "बहिरे झालात का रे सगळे?"

मग ते पियानोकडे वळले.

"बाई, निदान तुम्ही तरी!"

"मी साथ करतेय," बाई म्हणाल्या. "तुम्ही वाजवा."

"माझं वाजवून झालंय!"

"नाही झालं, भाऊजी," मी म्हणालो. आवाज चढला माझा, इलाज नव्हता. "दोन दिवस झाले, तुमचं वाजवून झालेलंच नाही. सुरूच नाही झालेलं. अल्बम तुमचा आहे. उद्या सोमवार आहे. कोणासाठी राखून ठेवलंय?"

त्यांनी गळ्यातला पट्टा काढला, सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवला आणि येरझाऱ्या सुरू केल्या. ती खोली ती केवढी, चार पावलांत भिंत. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. मग भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "मला सांगण्यासारखं काही असेल तर ना! बत्तीस वर्षं लोकांच्या बोलण्याला 'हं हं' करत आलोय. ते मला येतं. एकट्याने काय बोलू? दोन मिनिटांच्या पुढे माझ्याकडे काही नसलं तर? आणि ते तसंच रेकॉर्डवर राहिलं तर?"

मी तापट माणूस, पण ते ऐकून माझा सगळा ताप उतरला. इतकी वर्षं मी ज्याला समजूतदारपणा म्हणत होतो ती भीती होती. निव्वळ भीती. आणि आम्ही सगळे तिच्यावर खूश होतो, कारण तिच्यामुळे आम्हाला जागा मिळत होती.

तेवढ्यात आमच्या हेडफोनांत खरखर झाली. काचेपलीकडे ताईने ध्वनिमुद्रकाच्या बोलायच्या बटणावर बोट ठेवलं होतं. भाऊजींचा हेडफोन मानेवर होता, पण तिचा आवाज तिथूनही स्पष्ट आला.

"अहो, एकतीस वर्षांत मला घरात एक वाक्य पुरं करू दिलं नाहीत. आणि इथे म्हणे सांगायला काही नाही! त्या भिंतीशी काय बोलताय? इकडे तोंड करा आणि बोला. मी ऐकतेय."

धडधड फिसकन हसला. बाईही हसल्या. भाऊजी हसले नाहीत. ते काचेकडे बघत राहिले. मग त्यांनी पट्टा गळ्यात घातला, रीड चाखून पाहिली आणि फुलीवर येऊन उभे राहिले.

धून पुन्हा सुरू झाली. त्यांचा नेहमीचा तुकडा झाला, आणि सवयीने मान वळलीच बाईंकडे. बाईंनी 'नाही' अशी मान हलवली. मग भाऊजींनी तीन स्वर वाजवले. तेच तीन पुन्हा. पुन्हा तेच, कुलपाची किल्ली कुठल्या खिशात आहे ते चाचपडणाऱ्या माणसासारखे. मला वाटलं, संपलं, ह्यांचं भाकीत खरं ठरणार. चौथ्या वेळी त्या तिसऱ्या स्वराला एक चौथा लागला आणि ते कुठल्या तरी वाटेला लागले.

कुठल्या, ते मला सांगता येणार नाही. मी लिफ्टवाला माणूस. एवढं सांगतो की ते गोड नव्हतं. दुसऱ्यांच्या हाताखाली वाजवताना भाऊजी फार गोड वाजवतात. हे चिडकं होतं, तुटक होतं, मधेच थांबून आम्हाला जाब विचारणारं होतं. त्यात इतका संताप होता की मी त्यांना ओळखतच नव्हतो असं मला वाटलं. आणि मग त्या सगळ्या संतापाच्या मागून एकदम काहीतरी इतकं केविलवाणं आलं, की माझी बोटं तारेवर चुकली. कोणी थांबलं नाही. मीही नाही थांबलो. भाऊजी फुलीवरून पुढे सरकत होते. मागे नाही, पुढे, इतके की माइकला धडकतात की काय.

शेवटाकडे एका जागी आवाज फाटला. दात सरकला होता, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी माउथपीस ओठाच्या कोपऱ्याकडे सरकवलं आणि तसंच वाकड्या तोंडाने पुढे वाजवत राहिले, संपेपर्यंत. अकरा मिनिटं झाली होती.

धडधडने काठ्या मांडीवर ठेवल्या. मग काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला, "नवव्या मिनिटाला जरा फाटलंय. तेवढं पुन्हा घेऊ या?"

भाऊजींनी रीड काढून उजेडात धरली. ती किंचित गुलाबी झाली होती. रुमालात गुंडाळून त्यांनी ती खिशात ठेवली.

"त्याच्यापुढचं मला पुन्हा येणार नाही," ते म्हणाले. "राहू दे तसंच."

मग त्यांनी आम्हाला दहा मिनिटं झापलं. मान वळल्यावर न घेणं हा किती मोठा अपराध आहे, आमच्या बेशिस्तीने उद्या तरुण वाजवणारे काय शिकतील, वगैरे. आम्ही माना खाली घालून ऐकलं. बाईसुद्धा. दुपारनंतर बाकीच्यांपैकी तीन धुना त्यांनी नव्याने घेतल्या आणि त्यातल्या एकीत माझा लांबलचक तुकडा निम्मा कापला गेला. मी एक अक्षर बोललो नाही. दुखलं मात्र.

सोमवारी सकाळी मीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. ताईला सुट्टी मिळाली नव्हती. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या, एक मासिकांचा ढीग होता, आणि आतून यंत्राची घरघर येत होती. मला बसवेना. मी दारापर्यंत जायचो, परत यायचो, भिंतीवरचं जबड्याचं चित्र वाचायचो, पुन्हा दारापर्यंत. भाऊजी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. शेवटी म्हणाले, "बस की रे. किती फिरतोस!"

आत बोलावलं तेव्हा मी दारात उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मागे रेलवलं, दिवा खाली ओढला, हातमोजे चढवले. तीन तारखा चुकवल्या होत्या तरी, भाऊजींचा चेहरा पाहून असेल, डॉक्टरीणबाई थोड्या विरघळल्या.

"अजून एकदा विचारते," त्या म्हणाल्या. "फारच जड जात असेल तर आणखी दोन दिवस देऊ शकते मी. दोनच."

"नको," भाऊजी म्हणाले. "काढा तुम्ही. माझं बोलून झालंय."

आणि त्यांनी तोंड उघडलं.